चौथं कडवं

दादाने ते गाणं बांधलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि त्याची धाकटी बहीण आठ. आई हॉस्पिटलमधून परत आली नाही आणि तेव्हापासून धाकटी झोपेना. आपण डोळे मिटले की घरातलं आणखी कोणीतरी जाईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मग दादा तिच्या खोलीच्या दाराबाहेर गिटार घेऊन फरशीवर बसायचा आणि गायचा, ‘नीज तू, जागाच आहे मी.’

पुढे दादाचा बँड झाला. तिसऱ्या रेकॉर्डवर थोडी जागा उरली म्हणून हे गाणं शेवटी घातलं आणि तेच चाललं. बाकीच्या रॉक बँडांची आदळआपट लोक विसरले, हे मात्र राहिलं. अंत्यविधीला लागलं, लग्नात लागलं. हरत्या टीमला धीर द्यायला अख्खं स्टेडियम ते गाऊ लागलं. गायनाच्या स्पर्धांमध्ये दहा वर्षांच्या मुली ते गाऊन परीक्षकांना रडवू लागल्या. एका वर्षी ते गादीच्या जाहिरातीत आलं आणि त्याच वर्षी कॉफीच्याही. दादा म्हणाला, “दोघांनी आपसात काय ते ठरवून घ्यावं.”

दादाला जाऊन दोन वर्षं झाली होती. धाकटी आता छप्पन्न वर्षांची होती, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. गाण्याचे हक्क तिच्याकडे आले होते. कोणी परवानगी मागितली की ती सही करून द्यायची. नाही म्हणणं तिच्या जिवावर यायचं.

एका सकाळी एक निवृत्त शिक्षिका चष्मा न्यायला आल्या. आरशात बघत त्या गुणगुणत होत्या. तिसरं कडवं संपलं, पण त्या थांबल्या नाहीत.

‘वाजली पायरी तिसरी,
कोणी नाही, मीच गं;
गळक्या नळाखाली बादली
ठेवून आलो नीट गं.’

धाकटीच्या हातातला स्क्रू खाली पडला. हे कडवं दादाने कधी रेकॉर्ड केलं नव्हतं. त्यांच्या जुन्या घराची तिसरी पायरी वाजायची आणि नळ गळायचा. त्या आवाजांना ती घाबरू नये म्हणून त्याने ते फक्त तिच्यासाठी जोडलं होतं. ‘हे जगाला द्यायचं नाही,’ असं दोघांचं ठरलं होतं.

“बाई, हे तुम्ही कुठे ऐकलंत?”

“काय? ‘जागाच आहे मी’? अगं, ते कोणाला माहीत नाही?”

“शेवटचं कडवं.”

“मी तिसऱ्यालाच थांबले,” शिक्षिका म्हणाल्या आणि नवीन चष्म्यातून तिच्याकडे निरखून बघू लागल्या. “तुझी तब्येत बरी आहे ना?”

रविवारी दुपारी नवरा मॅच बघत होता. टीम हरायला लागली, चाळीस हजार लोक गायला लागले आणि नवऱ्यानेही सूर लावला. तीन कडवी झाली आणि चौथं सुरू झालं. चाळीस हजार तोंडं तिच्या घरातल्या बादलीबद्दल गात होती. कॉमेंट्री करणाऱ्याच्या आवाजात काही फरक पडला नाही. नवऱ्याच्या तर ओठांची हालचालही आता शब्दांशी जुळत नव्हती. धाकटी उठून बाल्कनीत गेली आणि कठडा घट्ट धरून उभी राहिली.

तिने घरातली रेकॉर्ड लावून बघितली. तीनच कडवी.

मग ती टोल्याकडे गेली. टोला म्हणजे दादाच्या बँडचा ड्रमर. एका भांडणानंतर तो बँड सोडून गेला होता. दादाच्या शेवटच्या आजारपणात सगळे येऊन गेले, टोला आला नाही. तिने सगळं सांगितलं. तो वेडी म्हणेल, अशी तिची खात्री होती.

“बादली?” तो म्हणाला. “मला तर माझ्या स्टुलाचं ऐकू येतं. स्टूल रिकामंच ठेवलंय, म्हणतो. दुसऱ्या कोणाला बसू दिलं नाही, म्हणतो.”

“कधीपासून, टोलाभाऊ?”

“तो गेल्यापासून. तुला आत्ता आलं होय?”

टोल्याच्या खालच्या मजल्यावर एक शिंपीण राहायची. मशीन चालवताना हेच गाणं तिच्या तोंडात असायचं. दोघं खाली गेले आणि तिला सगळं गाणं म्हणायची विनंती केली. ती म्हणत असताना दोघांनी बिलाच्या कागदांवर ऐकलं तसं लिहिलं. तीन कडवी अक्षर न् अक्षर सारखी होती. चौथ्याच्या जागी धाकटीच्या कागदावर बादली होती, टोल्याच्या कागदावर स्टूल.

शिंपिणीने दोन्ही कागद वाचले. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“मी तीनच म्हटली,” ती म्हणाली. “चौथं मी म्हणत नाही, ऐकते. माझ्या चौथ्यात माझा मुलगा असतो.” आणि तिने पुन्हा मशीनला पाय लावला.

त्यानंतर धाकटी कान टवकारून जगू लागली. लिफ्टमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे, शेजाऱ्याच्या मोबाइलवर, कुठेही गाणं लागलं की ती चौथ्याची वाट बघायची. भीती होतीच, पण ओढही होती. आणि एका बुधवारी चौथ्यानंतर पाचवं आलं. तिने जन्मात न ऐकलेलं.

‘बादली भरली काठोकाठ,
जड झाले डोळे गं;
सांग ना धाकटे, आता मी
थोडा वेळ झोपू गं?’

दोन वर्षं. जगात कुठे ना कुठे, प्रत्येक मिनिटाला, कोणीतरी त्याला ‘जागाच आहे मी’ म्हणायला लावत होतं. आणि परवानगीच्या निम्म्या कागदांवर तिची सही होती.

तरी तिने उत्तर दिलं नाही. तिने झोप म्हटलं आणि तो खरंच झोपला तर? ती आणखी नऊ दिवस ऐकत राहिली. रोज तोच प्रश्न यायचा, आणि रोज गाणाऱ्याचा आवाज थोडा अधिक ओढल्यासारखा वाटायचा. मग तो कोणीही असो, पोरगी असो की जाहिरातीतला गडी.

दहाव्या दिवशी भर दुपारी तिने काचांच्या कंपनीला फोन लावला. एक ऑर्डर चुकीच्या नंबरची आली होती. “जरा होल्डवर राहा,” पलीकडची मुलगी म्हणाली आणि गाणं लागलं. या वेळी दादाचाच आवाज होता. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. बादली. मग तो प्रश्न. शेवटच्या शब्दाला आवाज फाटला आणि गाणं पुढे सरकेना. वाट बघत असल्यासारखी नुसती खरखर येत राहिली.

समोर एक गिऱ्हाईक फ्रेम लावून बघत होतं. धाकटीने त्याच्याकडे पाठ केली.

“झोप, दादा,” ती फोनमध्ये म्हणाली. “मी आता घाबरत नाही. झोप तू.”

पलीकडून एक लांब श्वास सुटल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग मुलगी म्हणाली, “हॅलो, ऑर्डर नंबर सांगता?” धाकटीने नंबर सांगितला. दोनदा चुकला.

संध्याकाळी टोल्याचा फोन आला.

“माझं कडवं गेलं,” तो म्हणाला. “दुपारपासून चार वेळा ऐकलं. तिसऱ्याला थांबतं. तू काही केलंस का?”

तिने सांगितलं.

“मला विचारायचंस तरी,” तो म्हणाला.

तिने दुकान अर्धा तास आधी बंद केलं आणि त्याच्याकडे निघाली. जिना चढताना शिंपिणीचं दार उघडं दिसलं. मशीन बंद होतं. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. तिने धाकटीकडे बघितलं, रागाने नाही, पण नजर हटवलीही नाही. धाकटीला माफी मागायची होती. कशाची, हे नेमकं सांगता येईना, म्हणून ती वर गेली.

टोल्याने दार उघडलं. तो एकदम म्हातारा दिसत होता.

“माझ्याबद्दल काही म्हणाला का? शेवटी?”

हो म्हणणं सोपं होतं. तिने ते जिभेवर आणलंही.

“नाही, टोलाभाऊ,” ती म्हणाली. “फार दमला होता.”

त्याने मान हलवली आणि तिच्यासाठी खुर्चीवरचे कपडे उचलले.