भोपळ्याच्या मेंदूतला गाळ

जळकोटच्या मंगल कार्यालयात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. योगीराज महाराजांचं मेंदूशुद्धी शिबिर होतं. गळ्यात रुद्राक्ष, त्यावर स्टेथोस्कोप आणि हातात माइक, म्हणजे अध्यात्म, विज्ञान आणि आवाज एकाच माणसात.

"डोक्यात अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा गाळ साचतो, म्हणून माणूस विसरतो," महाराज सांगत होते. "दहा सलाइन घ्या. गाळ साफ, आठवण हजर."

दहा सलाइन पूर्ण करून समोर बसलेल्या बलभीमतात्यांच्या मेंदूची दोन चित्रं स्क्रीनवर आली. आधीचं काळंकुट्ट, आताचं लख्ख. टाळ्यांचा कडकडाट झाला. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिवकन्यानंही टाळी वाजवली, हे कबूल करायला हवं. शेजारी तिची स्मृतिभ्रंश झालेली आई, शरणम्मा अव्वा, बसली होती. दोन वर्षं झाली, अव्वानं लेकीला नावानं हाक मारली नव्हती. त्या एका हाकेसाठी शिवकन्या आज तिला पहिलं सलाइन टोचून घ्यायला घेऊन आली होती.

"तात्या, कसं वाटतंय आता?" तिनं आशेनं विचारलं.

"लई झ्याक. डोस्कं साफ झालंय."

"गाव कोणतं तुमचं?"

तात्या विचारात पडले. "त्ये मातर साफ इसरलो बघ."

गाळ साफ आणि गावही साफ. शिवकन्याचे हात टाळीला उठले होते, ते खाली आले.

मेंदू लाजतो, असं महाराज म्हणत, म्हणून तपासणी पडद्याआड चाले. घरच्यांनी रोग्याच्या डोक्याला पट्टा बांधायचा, बाहेर महाराज चित्र दाखवायचे. अव्वाची पाळी आली. शिवकन्यानं तिला मागच्या दारानं स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि येताना तिथला भोपळा उचलून आणला.

"बांधला पट्टा, महाराज."

"अरेरे, माउलीच्या डोक्यात केवढा हा गाळ," महाराज कळवळले. "आणि दहा सलाइननंतर असा लख्ख."

शिवकन्यानं पडदा सारला. खुर्चीत पट्टा बांधलेला, तिची ओढणी पांघरलेला भोपळा बसला होता.

"महाराज, भोपळ्याला आता येल आठवंल का?" मागून कोणीतरी विचारलं आणि अख्खं कार्यालय हसून लोटपोट झालं. शिवकन्यानं पट्ट्याची वायर ओढली. दुसरं टोक टेबलाखाली मोकळंच लोंबत होतं. सगळ्यांना तीच दोन चित्रं दाखवली जात होती. महाराजांनी काढता पाय घेतला.

माइक शिवकन्यानं उचलला. "गाळ काढणारी खरी औषधं आहेत. ती गाळ काढतातही. पण त्यानं माणसाला फायदा किती, यावर जगभरचे डॉक्टर वाद घालतायत. आजाराच्या सुरुवातीला घसरण थोडी मंदावते, असं काही म्हणतात. तेवढं घरच्यांना जाणवतही नाही, असं दुसरे म्हणतात. मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोकाही आहे. गेलेली आठवण परत येते, असं त्यांच्यातलं कोणीच म्हणत नाही. चित्राला टाळ्या वाजवू नका. माणसाला काय फरक पडला, ते विचारा."

बोलून झाल्यावर तिला रडू आलं. ती हाक आता येणार नव्हती.

घरी जाताना रिक्षात अव्वानं विचारलं, "लोकं कशाला हसत व्हती वो बाई?"

शिवकन्यानं भोपळ्याची गोष्ट सांगितली. अव्वा पोट धरून हसली. दोन मिनिटांनी तिनं पुन्हा तेच विचारलं. घर येईपर्यंत गोष्ट सात वेळा सांगून झाली. सातही वेळा अव्वा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसली, आणि शिवकन्याही.