फाटक्या कानाचा वेद

दत्तजयंतीच्या दुपारी देवणीच्या देवळातली भिंत रंगून झाली. मधे दत्तमहाराज, मागं वीरण्णांची बक्षीस मिळवलेली चांदी कालवड, पायाशी चार वेदांचे चार कुत्रे. चौथ्यापुढं ग्यानोबा हात जोडून उभाच राहिला. ती त्याची हरणी होती. तीच कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याची सडपातळ अंगलट, तोच फाटका डावा कान.

"हुबेहूब काढलीस रे, ताहेर!"

"चार दिवस समोर बसून राहिली, मामा. माणूस बसत न्हाई इतकं," पेंटर ताहेर ब्रश पुसत म्हणाला.

तेवढ्यात देवळाचे अध्यक्ष वीरण्णा आले. "हे काय? वेदाचा कान फाटका? कीर्तनाआधी नीट कर."

"मालक, ऱ्हाऊ द्या की तसाच," ग्यानोबा पुटपुटला. तो त्यांच्याच गोठ्यावरचा गडी.

"का? कुत्रीची लई मिजास झाली का तुला?"

ग्यानोबा पाय ओढत पायऱ्यांकडं गेला. ताहेरनं मात्र कानाला हात न लावता, रंग कालवता कालवता सांज केली, अन् कीर्तन उभं राहिलं.

कीर्तनकार शिवकांताताईंनी सरमेचं आख्यान लावलं. "सरमा, देवांची कुत्री! पणी नावाच्या असुरांनी देवांच्या गाई चोरून डोंगरात कोंडल्या, तेव्हा माग काढत एकटी गेली ती. पणी म्हणाले, बहीण हो आमची, गाईंचा वाटा घे. ती बधली नाही, बाबांनो! वेदानं तिचं नाव राखलंय. आपण दारातल्या सरमेला काय म्हणतो? हाड!"

पायऱ्यांपाशी हरणीजवळ बसलेल्या ग्यानोबाचा ऊर भरून आला. तो उठला.

"मालक, माझ्या हातनं चूक झाली. तुम्ही नांदेडला गेल्ता त्या दिवशी गोठ्याचं कवाड मीच उघडं टाकलं. लांडगा शिरला. चांदीच्या नरड्यापाशी पोचल्ता. हरणीनं धरला त्याला. कान तिथंच गेला तिचा. भेऊन बोललो न्हाई मी. मला काढून टाका, पण तिचा कान ऱ्हाऊ द्या."

टाळ थांबले. वीरण्णा भिंतीकडं बघत राहिले. आधी चांदीकडं, मग त्या कानाकडं.

"कवाडाचं उद्या बघतो तुझ्याकडं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "ताहेर, ब्रश धुऊन टाक. अन् तिला बाहेर का बसवलंस रे? आण आत."

जन्माचा गजर झाला. वीरण्णांनी गुलालाची पहिली चिमूट दत्ताच्या पायी वाहिली, दुसरी हरणीच्या कपाळी. गुलाल नाकात जाऊन ती फटाफट शिंकली, अन् अख्खा मंडप हसला.

ग्यानोबा तेवढा हसला नाही. लेकीचं लग्न लागताना बाप उभा राहतो तसा, पटका सावरत, ताठ उभा होता.