उमापूरची बुजलेली नदी

अंबाजोगाईच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या विजयमालाबाईंनी हैदराबादहून उपग्रहाचा फोटो मागवायचं ठरवलं, तेव्हा तो कशाला पाहिजे हे प्राचार्यांना पटवण्यातच त्यांचा एक उन्हाळा गेला. शेवटी कॉलेजच्या अनुदानातून मंजुरी मिळाली आणि १९९८च्या पावसाळ्यानंतर एक सीडी टपालानं आली. मग लक्षात आलं, की ती उघडू शकेल असा कॉम्प्युटर कॉलेजात नाहीच.

असा कॉम्प्युटर गावात एकाच माणसाकडे होता, त्यांचा जुना विद्यार्थी मन्मथ याच्याकडे. मन्मथ पुण्यात कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं काम शिकून परत आला होता. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, वडलांचं आडतीचं दुकान होतं, त्याच्या वरच्या खोलीत त्यानं आपली कंपनी थाटली होती. कंपनी म्हणजे तो स्वतः, दोन मशिनं आणि एक मोठं तिरपं टेबल. त्या टेबलावर गावाचा नकाशा चिकटवायचा, हातातलं यंत्र रेषेवरून फिरवायचं आणि प्रत्येक गटाची हद्द पडद्यावर उतरवायची. गेवराई तालुक्यातल्या बऱ्याच गावांचे नकाशे त्यानं असे उतरवून ठेवले होते. ते घ्यायला मात्र कोणी येत नव्हतं.

खाली हमाल ज्वारीची पोती उतरवत होते. वर मन्मथनं सीडी घातली. फोटो वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं उतरू लागला. आधी काळपट डोंगर, मग राखी माळ, मग गोदावरीची निळी रेघ. रेघेच्या दोन्ही बाजूंना लालभडक तुकडे.

विजयमालाबाई खुर्चीवरून उठल्या. याच मुलखात पोरं घेऊन त्या वर्षानुवर्षं विहिरींची पाणीपातळी मोजत हिंडल्या होत्या. एकेका विहिरीचा काठ त्यांच्या पायाखालचा होता. तो सगळा मुलूख एका खिडकीएवढ्या जागेत मावलेला बघून त्या पडद्यावर एकेक गाव शोधू लागल्या.

"मॅडम," मन्मथ हळूच म्हणाला, "एवढं सगळं रोज कुणीतरी वरून बघत होतं. आणि आपल्याला पत्ता न्हाई."

त्या आठवड्यात दोघं पुन्हा पुन्हा त्या फोटोपुढे बसले. जिल्ह्यातल्या पाणलोट कामांसाठी नकाशे करून पाहिजेत, अशी जाहिरात नुकतीच पेपरात आली होती. पुण्याच्या मोठ्या कंपन्या ते काम घेणार, हे सगळेच धरून चालले होते.

"आमच्यासारख्याला कोण विचारतंय?" मन्मथ म्हणाला. "माझ्याकडं जमिनीच्या हद्दी हायत. जमिनीखाली काय हाय ते मला कुठं माहीत?"

"माझ्याकडं विहिरींच्या पातळ्या आहेत, हा फोटो आहे. घेऊन टाक."

"फुकट?"

"फुकट. तुला देते तसं दुसऱ्या कुणी मागितलं तर त्यालाही देणार. अट एकच. तुझ्याकडं जे आहे ते तूही मध्ये टाकायचं. एकेकट्यानं तुमचं कुणाचंच भागणार नाही, मन्मथ."

मन्मथनं तिरप्या टेबलावरच्या नकाशाकडे बघितलं. हद्दी उतरवण्यात त्याची दोन वर्षं गेली होती. मग तो म्हणाला, "टाकतो. पण खोलीची माहिती कुठून आणायची? किती फुटांवर दगड, किती फुटांवर पाणी, हे बोअरवाल्यांशिवाय कुणाला कळतं?"

तसा एक बोअरवाला विजयमालाबाईंना ऐकून माहीत होता. उमापूरच्या जमीनदार घरातला अंगद. त्याच्या वडलांनी बोअरची गाडी घेतली होती, ती आता अंगद चालवायचा. गेवराईत त्यानं छोटं ऑफिस टाकून एक कॉम्प्युटरही घेतला होता, पाण्याची जागा दाखवायचा धंदा वाढवावा म्हणून. बाईंनी एसटीडी बूथवरून त्याला फोन केला. आपण येतो म्हणाला, आणि खरंच आला. पण नाही म्हणायला आला.

"मॅडम, राग मानू नका," खुर्चीच्या कडेवर टेकत अंगद म्हणाला. "कुठल्या गटात किती फुटांवर काय लागलं, हे आमच्या वडलांनी बोअर मारता मारता लिहून ठेवलंय. पेटीभर कागद हायत. तीच आमची कमाई. ती सगळ्यांत वाटली तर मला कोण बोलवील? आमचे चुलते बद्रीनाथ तात्या तर म्हणाले, जाऊसुदिक नको."

"ठीक आहे," विजयमालाबाई म्हणाल्या. "आलाच आहेस तर फोटो बघून जा."

मन्मथनं उमापूरचं शिवार पडद्यावर मोठं केलं. अंगद पुढे वाकला.

"हे लाल काय हाय? आग लागल्यावानी."

"हिरवं पीक आहे. आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेड पिकाच्या पानावरून परत जातो, तो उपग्रहाला दिसतो. आपल्याला कळावा म्हणून तो लाल रंगात दाखवतात."

"म्हंजी आमची ज्वारी लाल?" अंगद हसला आणि मध्येच थांबला. पडद्यावर त्याला आपला मळा सापडला होता. मळ्याचा आकार, शेजारचा ओढा, गावठाण. त्यानं बोट लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग ते बोट हळूहळू उजवीकडे सरकत गेलं. माळाच्या राखी रंगातून लालसर रंगाचा एक रुंद पट्टा वळण घेत गेला होता. तो ना ओढ्याला धरून होता, ना रस्त्याला.

"हे काय हाय?"

"तेच मला कळत नाही," विजयमालाबाई म्हणाल्या. "फोटो जानेवारीतला आहे. आसपास सगळं वाळलेलं आणि एवढ्याच पट्ट्यात ओल. विहिरी तिथं फारशा नाहीत, त्यामुळे माझ्याजवळ मोजणी नाही."

अंगद त्या पट्ट्यावरून बोट फिरवत राहिला. मन्मथचे वडील संगमेश्वरअप्पा चहा घेऊन वर आले, तो निवून गेला तरी अंगदनं कपाला हात लावला नाही. मग उठला आणि म्हणाला, "परवा येतो."

परवा तो आला तेव्हा कागदांची पेटी जीपमध्ये होती.

मग काम सुरू झालं. अंगद कागद वाचायचा, गट नंबर, फूट, काय लागलं. काळी माती, मुरूम, काळा दगड. मन्मथ त्या गटात ठिपका ठेवायचा. कागद जुने होते, अक्षर घाईचं होतं, मध्येच लाइट जायची. बहुतेक बोअरांत माती, मग दगड. क्वचित कुठं तरी वाळू लागल्याची नोंद होती.

"ही वाळूची भानगड वडलांना कधी उमगली न्हाई," अंगद म्हणाला. "मी बारका असताना त्यांच्यासंगं गाडीवर गेलतो. एका रानात दगडाऐवजी वाळू लागली, पाणी लई गोड. शेजारच्या रानात गेलो तर कोरडा दगड. वडील म्हणायचे, नशीब."

सगळे ठिपके मांडून झाल्यावर विजयमालाबाईंनी मन्मथला सांगितलं, "फक्त वाळूचे ठेव. बाकीचे घालव. आणि खाली फोटो लाव."

ठिपके गेले. राहिले ते राहिले. मन्मथनं फोटो खाली सरकवला.

वाळूचा प्रत्येक ठिपका त्या लालसर पट्ट्याच्या आत होता. पट्टा वळला की ठिपके वळत होते. पट्टा रुंद झाला की ठिपके पसरत होते. बाहेर एकही नव्हता.

विजयमालाबाई पडद्याजवळ सरकल्या. एवढी वर्षं त्या मुलांना नद्या पात्र बदलतात म्हणून शिकवत होत्या, फळ्यावर खडूनं वळणं काढत होत्या. आणि इथं समोर, माणसांच्या पायाखाली, ज्वारीच्या मुळांखाली, एक अख्खी नदी निजलेली होती.

"नदी आहे ही," त्या म्हणाल्या. "गोदावरीचंच जुनं पात्र असावं. बुजलं, वर माती साचली. पण वाळू आहे, आणि वाळूत पाणी आहे."

मन्मथनं माउसवरचा हात काढून घेतला होता, हलवलं तर ते मोडेल की काय अशा भीतीनं. अंगदनं गळ्यातला रुमाल काढून डोळे पुसले. "वडील आयुष्यभर नदीवर बोअर मारत होते," तो म्हणाला. "आणि नशीब म्हणत होते."

घरी जाऊन अंगदनं हे तात्यांना सांगितलं. चार दिवसांनी बद्रीनाथतात्यांनी विजयमालाबाईंना आणि मन्मथला उमापूरला जेवायला बोलावलं. पंचायत समितीत वजन असलेला माणूस, बोलणं मोजकं. जेवणं झाल्यावर सुपारी कातरत ते म्हणाले, "मॅडम, तुमचं काम लई मोठं हाय. एकच विनंती. हा नकाशा संक्रांतीपर्यंत आपल्या चौघांत राहू द्या."

"संक्रांतीपर्यंत का?"

"त्या पट्ट्यात पडक रानं लई हायत. लोक विकायला बसल्यात. घेतो म्हणणारा कुणी न्हाई. आमी घेतली तर त्यांचीबी सोय, आमचीबी."

मन्मथनं मान खाली घातली. विजयमालाबाईंना राग आला, पण त्या सावकाश बोलल्या. "माझा फोटो आणि पातळ्या मी सगळ्यांना देणार आहे. त्या कॉलेजच्या आहेत. मन्मथच्या हद्दी त्यानं दिल्यात. पण बोअरची माहिती अंगदची आहे. तो नको म्हणाला, तर ते ठिपके मी काढून टाकते. मग उरतो नुसता एक लाल पट्टा. तो काय आहे हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही."

तात्यांनी अंगदकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"अजून बोअर मारून खात्री कुठं केलीय, तात्या?" अंगद म्हणाला. "आधी ती करू. पट्ट्याच्या ऐन मधोमध बिभीषणचं रान हाय. तिथं आजवर कुणी बोअर मारलेली न्हाई. उद्या सकाळी गाडी लावतो."

बिभीषण म्हणजे उमापूरचा एक कोरडवाहू शेतकरी. पाणी लागो न लागो, पैसे घेणार नाही असं अंगदनं सांगितल्यावर तो तयार झाला. सकाळी गाडी लागली तशी बांधावर माणसं जमली. तात्या लांब लिंबाखाली उभे राहिले. कॉम्प्रेसर घरघरू लागला, जमिनीतून आधी काळी माती उडाली, मग पिवळी चिकणमाती. विजयमालाबाई जवळ उभ्या होत्या, धुळीनं माखलेल्या. आपण चुकलो असू, असं त्यांना प्रत्येक मिनिटाला वाटत होतं. पडद्यावर बघणं वेगळं आणि हे वेगळं.

मग आवाज बदलला. दगडाचा टणटणाट आलाच नाही. मऊ खरखर आली आणि भोकातून ओली वाळू उसळली. पांढरी, बारीक, गोल खड्यांची. वाळूमागोमाग पाणी.

लोक ओरडले. बिभीषणनं चप्पल काढली आणि वाळूत पाय रोवून उभा राहिला. त्याची म्हातारी आई वच्छलाबाई वाकली, वाळूत बोटं फिरवली आणि काहीतरी उचललं. तळहातावर चपटा, चुन्यासारखा पांढरा शिंपला होता.

"बाई, हे कावून आलं इथं?" तिनं विजयमालाबाईंना विचारलं. "हे तर गंगंत असतं."

गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात. विजयमालाबाईंनी शिंपला हातात घेतला. "गंगाच होती इथं, आजी. इथून वाहत होती. गाव नव्हतं तेव्हाची गोष्ट."

"या रानातून?"

"या रानातून."

म्हातारीनं मागं वळून आपल्या रानाकडे बघितलं. बांध, बाभळी, ज्वारीची धाटं. मग पदर डोक्यावर नीट घेतला आणि ओल्या वाळूला वाकून हात लावला, तोच हात कपाळाला लावला. बघता बघता बाकीच्या बायाही पुढे झाल्या. कॉम्प्रेसर बंद केल्यावर पाण्याचा बुडबुड आवाज तेवढा ऐकू येत होता.

अंगदनं जीपमधून छापलेला नकाशा आणला आणि बॉनेटवर पसरला. कोणाला काही न विचारता मोठ्यानं वाचू लागला. "सिदू, तुझा वरचा तुकडा पट्ट्यात हाय. खालचा न्हाई, तिथं बोअर मारू नको. म्हाळूमामा, तुमचं सगळं रान बसतंय. विकायचं म्हणत होता ना? विकू नका." माणसं बॉनेटभोवती दाटली. आपापला गट शोधू लागली.

लिंबाखालचे तात्या घराकडे चालू लागले.

पुढे जे झालं ते सगळंच मनासारखं झालं नाही. पाणलोटाचं मोठं काम पुण्याच्या कंपनीलाच मिळालं. पण जमिनीखालची माहिती त्यांच्याकडे नव्हती, म्हणून गेवराई तालुका मन्मथ आणि अंगदच्या वाट्याला आला. दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम. ते बघून माजलगावचा एक बोअरवाला आपले कागद घेऊन मोंढ्यातला जिना चढला. मग परळीकडचा एक सर्व्हेवाला आला. प्रत्येकाला विजयमालाबाई तेच सांगत, टाका आणि घ्या. सिरसाळ्याची एक पार्टी नुसतीच घ्यायला आली होती, तिला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

तात्या मात्र अंगदशी बोलेनासे झाले. एकाच घरात राहून ताटं वेगवेगळ्या वेळी वाढली जात. त्यांचीही एक बोअरची गाडी होती, नदीच्या वरच्या अंगाच्या गावांत चालणारी. तिचे कागद अंगदनं कधी मागितले नाहीत. उन्हाळा लागता लागता उमापूरचा सिदू कागदांचं एक गाठोडं घेऊन अंबाजोगाईला आला. "तात्यांनी दिलंय," म्हणाला. निरोप काहीच नव्हता.

त्या दुपारी तिघांनी ते ठिपके मांडले. नदी वर सरकत गेली, गावामागून गाव. आणि एका ठिकाणी ठिपके दोन्हीकडे फुटले. एक रांग डावीकडे, एक उजवीकडे. मध्ये दगडाचं मोठं बेट, आणि त्याच्या पुढे दोन्ही रांगा पुन्हा एक.

विजयमालाबाईंनी तोंडावर हात ठेवला. मन्मथ उठून उभा राहिला. अंगदनं फोन ओढला आणि उमापूरचा नंबर फिरवला. पलीकडे तात्यांनीच उचलला.

"तात्या," अंगद म्हणाला, "नदीला फाटा हाय. मधी बेट हाय."

पलीकडे तात्यांनी घसा साफ केला.

"कुठून फुटतोय?" त्यांनी विचारलं.