झुंबरचा राहता पत्ता

झुंबर फासेपारध्याच्या घराण्यात एक नियम होता: पोलिसाला खरं नाव सांगायचं नाही. त्यात लबाडी नव्हती, काटकसर होती. खरं नाव एकदा ठाण्याच्या वहीत गेलं की पंचक्रोशीत कोंबडी हरवली तरी ते नाव जीप घेऊन दारात हजर व्हायचं. म्हणून झुंबरच्या बापानं आयुष्यात बावीस नावं वापरून संपवली आणि स्वतःचं नाव मरताना कोरं करकरीत मागं ठेवलं. त्याला पुरला माळावर, बोरीच्या बुंध्याशी. त्याच्या एका बाजूला त्याचा बाप, दुसऱ्या बाजूला आजा.

हा माळ निमगाव केतकीपासून दोन तास पायी, बोरओढा गावाच्या हद्दीत. चारी बाजूंनी ऊस आणि मधे साठ एकर कुसळी गवत. कागदावर ते वन होतं. तिथं बोर्डही होता आणि त्यावर वाघाचं चित्र होतं. वाघानं हा तालुका कधी पाहिलेला नव्हता. होते ते चिंकारे, अकरा. झुंबरनं फासे लावायचं सोडून वीस वर्षं झाली होती, पण मोजायची सवय गेली नव्हती. रोज सकाळी तो चिंकारे मोजायचा आणि मग गावचा मोठा बागायतदार हिंदुराव याच्या जेसीबीनं मुरमाचे नवे किती खड्डे पाडले ते मोजायचा. चिंकारे वाढत नव्हते, खड्डे वाढत होते. एकदा त्यानं जुना फासा काढून जेसीबीच्या चाकाला लावून पाहिला. जेसीबीला कळलंसुद्धा नाही.

म्हणून माळावरच्या सहा झोपड्यांनी मिळून वनहक्काचा दावा टाकला. झोपड्या आमच्या, कबरी आमच्या, माळ राखायचा हक्क आमचा. सरकारचं म्हणणं एवढंच होतं की तेरा डिसेंबर दोन हजार पाचच्या आधीपासून तुम्ही इथं राहता याचे दोन पुरावे द्या.

"कबरी हा एक पुरावा झाला," ग्रामसेवक रामहरी भाऊसाहेब म्हणाले. "आता एक कागदी पायजे."

"रेशनकार्ड हाय की," झुंबर म्हणाला.

"ते दोन हजार बाराचं."

"त्याच्या आधी आमी जेवत न्हवतो व्हय?"

"जेवत असाल. कागद नाही." भाऊसाहेबांनी फाईल मिटली. "सव्वीस तारखेला ग्रामसभा. तोवर कागद आला नाही तर दावा गेला. मग त्या झोपड्या अतिक्रमण."

झुंबर माळावर येऊन बसला. जायला जागा म्हणाल तर सगळा देश होता, आणि त्यातल्या प्रत्येक गावानं त्याला एकदा तरी हाकललेलं होतं.

नात निकिता बारामतीत वकिली शिकत होती. ती सुट्टीला आली आणि तिनं विचारलं, "आजा, तुला कधी या झोपडीतनं पकडलं होतं का?"

झुंबरची बायको ठमाबाई चुलीपुढं बसली होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "कवा पकडलं न्हवतं ते इचार गं पोरी."

"दोन हजार पाचच्या आधी?"

"चारला," झुंबर म्हणाला. "हिंदुरावची शेळी हरवल्ती. मला एकोणीस दिस आत ठिवलं. शेळी तिसऱ्या दिवशी आपली आपण घरी आली. पर ती सुटली म्हंजी मी सुटलो असं नसतं."

निकिता आठ दिवसांनी कोर्टातून नक्कल घेऊन आली. तिनं उभ्याउभ्याच वाचलं: "सदर आरोपीस माळावरील त्याच्या राहत्या झोपडीतून ताब्यात घेतले. झोपडी कुडाची, जुनी. पूर्वेस बोर व तीन कबरी. दक्षिणेस ओढा. उत्तरेस गवत. पश्चिमेस आरोपीच्या पत्नीची चूल, पेटती." तिचे डोळे चमकत होते. "आजा, तलाठ्यानंही एवढं नीट लिहिलं नसतं! कोर्टाचा कागद, तारीख, चतुःसीमा, सगळं. आरोपीचं नाव…"

ती थांबली. मग तिनं कागद उलटा करून पाहिला, जणू खरं नाव मागं लिहिलेलं असावं.

"आजा, तू नाव काय सांगितलंस?"

झुंबर चुलीकडं बघायला लागला. "अगं, हवालदार सारखा 'हिंदुराव बसा, हिंदुराव चहा घ्या' करत हुता. तेच तोंडात बसलं."

कागदावर फिर्यादी होता हिंदुराव संभाजी. आरोपीही होता हिंदुराव संभाजी. आडनावासकट. लिहिणाऱ्याला यात काही वावगं वाटलं नव्हतं. शेवटी न्यायाधीशांनी शेरा मारला होता की शेळी फिर्यादीच्याच गोठ्यात असून आरोपीही तोच दिसतो, सबब आरोपी निर्दोष.

"म्हंजी माळावर पूर्वीपासून कोण राहतंय? हिंदुराव," ठमाबाई म्हणाली. "शाब्बास. बाप बावीस नावं वापरून मेला, पर जमीन कुणाला देऊन न्हाय गेला."

झुंबर दोन दिवस तो जुना फासा हातात घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी चिंकारे मोजून आला आणि म्हणाला, "कागद हाय तसा दे सभेत. काय समजावून सांगू नगं."

"आणि हिंदुरावनं तो आपल्या नावावर घेतला तर?"

"घेऊ दे की. तितराला फाशात ढकलायचं नसतं पोरी. दोन्ही अंगांनी काट्या रचायच्या, मधी वाट ठिवायची. त्यो आपल्या पायानं येतो."

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. वनहक्क समितीचा अध्यक्ष हिंदुरावच होता, कारण मंडप त्याचा, खुर्च्या त्याच्या आणि माईक त्याच्या जावयाचा. त्याला झोपड्यांचं वाईट वाटत होतं असं त्यानं माईकवर दोनदा सांगितलं. पुढच्या महिन्यात तो कारखान्याच्या निवडणुकीला उभा राहणार होता, त्यामुळं त्याला हल्ली सगळ्यांचंच वाईट वाटायचं. कोपऱ्यात बंदोबस्ताला एक हवालदार बसला होता. तो दिसल्याबरोबर झुंबरच्या पायांनी सवयीनं मागचं कुंपण शोधलं. पण ठमाबाई त्याच्या धोतराच्या सोग्यावर बसली होती आणि उठायची तिची काही चिन्हं नव्हती.

भाऊसाहेबांनी कागदातलं आधी जागेपुरतं वाचायला घेतलं. माळ आला, झोपडी आली, बोर आली. मग राहणाऱ्याचं नाव आलं.

हिंदुरावनं कान टवकारले. "परत वाचा."

भाऊसाहेबांनी परत वाचलं.

"बघा!" हिंदुराव उठून उभा राहिला. "कोर्टाचा कागद बोलतोय! माळावर कबजा कुणाचा? माझा! मी म्हणत न्हवतो?"

टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत भाऊसाहेब शांत उभे राहिले आणि मग पुढं वाचू लागले. आरोपी. शेळीची चोरी. धंदा काही नाही. एकोणीस दिवस कोठडी.

मागून कुणीतरी विचारलं, "आबा, सोताचीच शेळी?"

"कारखान्यात आता साखर जपा रं!" दुसरा म्हणाला.

हिंदुराव माईकवर ओरडला. "मी न्हाय त्यो! मी फिर्यादी हाय!"

"ते पण आपणच आहात," भाऊसाहेब म्हणाले. "मग हा आरोपी कोण ते सांगा. नाहीतर मी आहे तसं नोंदवतो."

हिंदुराव घामाघूम होऊन इकडंतिकडं बघू लागला. झुंबरला वाटलं, तितर आला. पण हिंदुराव बोलेना. त्याला नुसतं 'झुंबर' म्हणून भागणार नव्हतं, समोर कुणी 'व्हय' म्हणायला हवं होतं, नाहीतर गाव म्हणालं असतं की आबा आपली चोरी पारध्याच्या गळ्यात घालतोय. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. तेव्हा झुंबरच्या ध्यानात आलं की काट्या रचताना आपण नेमके आतल्या बाजूला उभे होतो.

हवालदारानं खिशातून वही काढली होती.

"झुंबरराव," हिंदुराव माईकवर म्हणाला. साठ वर्षांत त्यानं झुंबऱ्याशिवाय हाक मारली नव्हती. "बोला की वं कायतरी."

झुंबरनं उठायचा प्रयत्न केला. ठमाबाईनं सोगा सोडला, पण कुंपणाच्या बाजूला स्वतः उभी राहिली.

"म्या," तो म्हणाला. "म्या व्हतो त्यो. झुंबर."

"पूर्ण नाव?" हवालदारानं विचारलं.

"झुंबर… झुंबर काळे."

"बापाचं?"

"खरं का?"

"खरं."

जे नाव झुंबरच्या बापानं बावीस नावांखाली झाकून ठेवलं होतं, ते त्यानं भर सभेत उघडं केलं. "धुळ्या."

त्यानं उजवा हात वर केला. करंगळी अर्धी होती, रानडुकराच्या फाशात गेलेली. कागदात ओळखीची खूण म्हणून तीच अर्धी करंगळी लिहिलेली होती, खाली अंगठाही होता.

"ह्योच!" हिंदुराव सुटल्यासारखा ओरडला. "ह्योच त्यो! मी सोता पोलिस घेऊन ह्याच्या झोपडीवर गेल्तो! तितंच ऱ्हातंय ह्ये, माझा बाप सांगायचा, त्याच्या बापाच्या आधीपासनं! अख्ख्या गावाला ठाव हाय!"

भाऊसाहेब भराभरा लिहीत होते. "आबा, ही जुन्या जाणत्याची साक्ष झाली. सही करा."

हिंदुरावनं सही केली. शेवटचं अक्षर काढताना त्याचा हात थबकला, आपण नेमकं काय लिहून दिलं ते त्याला कळत होतं. पण तोवर निकितानं पेन मागून घेतलं होतं.

दावा बारामतीला प्रांत कार्यालयात गेला. निकाल अजून यायचा आहे. जेसीबी मात्र दुसऱ्याच दिवशी माळावरून निघून गेला. हिंदुरावच्या सहीचा कागद गावभर फिरत होता, आणि निवडणूक जवळ होती.

तीन आठवड्यांनी तोच हवालदार मोटारसायकल ढकलत माळावर आला. कुसळं त्याच्या मोज्यात भरली होती. दोन हजार चार साली पोलिसांना खोटं नाव सांगितल्याबद्दल चौकशी सुरू झाली होती. त्यानं नोटीस पुढं केली.

"नाव?"

झुंबरच्या तोंडात सवयीनं एक नाव आलं. ते त्यानं गिळलं. "झुंबर धुळ्या काळे."

निकितानं नोटीस वाचली. "चौकशी पूर्ण होईपर्यंत झुंबर धुळ्या काळे यांनी आपला राहता पत्ता, मौजे बोरओढा येथील माळ, परवानगीशिवाय सोडून जाऊ नये."

"परत वाच," झुंबर म्हणाला.

तिनं परत वाचलं.

"न सोडता? माळ?"

"माळ सोडला तर उचलून न्यावं लागंल," हवालदार मोज्यातली कुसळं उपटत म्हणाला.

"उचलून कुठं न्याल?"

हवालदारानं जरा विचार केला. "चौकशी करून हितंच आणून सोडू."

ठमाबाईनं त्याला पाणी दिलं आणि नवऱ्याकडं पिशवी फेकली. "उठा. निमगावचा बाजार हाय आज. मीठ संपलंय."

झुंबर बोरीखाली, बापाशेजारी, पाय पसरून बसला होता.

"मला न्हाय जाता येत," तो म्हणाला. "सरकारनं हितनं हलू नगं म्हणून सांगितलंय."