थोडं सरकून बसा

हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मित्रांनो. मी एक जुनं, लंगडं स्टूल आहे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, शेवटच्या कपाटापाशी माझी जागा आहे. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला लोक माझ्यावर चढतात आणि काढलेलं पुस्तक चाळायला माझ्यावरच बसतात. आधी पाय, मग बूड. पण माझ्याबद्दल कुणी कधी चांगला शब्द काढला असेल तर शपथ!

सुताराने मला एका दाराच्या उरलेल्या लाकडातून केलं. चौथा पाय कापताना त्याचं सगळं लक्ष गप्पांत होतं, त्यामुळे तो पाय बोटभर आखूड झाला. "चालतंय, कोण बघतंय," असं म्हणून त्याने मला रंग फासला. तेव्हापासून मी डुगडुगतं. चढणारा प्रत्येक जण मला शिव्या घालतो आणि पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारतो. दुसऱ्या दिवशी शिपाईकाकांचा झाडू फिरला की घडी गेलीच म्हणून समजा.

मला वाचता येत नाही. तरी एक पुस्तक मला तोंडपाठ आहे, ते शिवणवाल्या मावशींमुळे.

मावशींचं शिवणाचं दुकान रस्त्याच्या पलीकडे होतं. दुपारी मशीनला तेल घातलं की त्या इकडे यायच्या. माझ्यावर चढून वरच्या फळीच्या कोपऱ्यातलं एक पुस्तक काढायच्या आणि माझ्यावरच बसून वाचायच्या. दर वेळी तेच पुस्तक! संपलं की काही दिवस जाऊ द्यायच्या आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. घरी त्यांनी ते कधीच नेलं नाही. "घरी नेलं की मशीन बंद आणि पुस्तक चालू. मग लोकांनी काय उघडं फिरायचं?" असं त्या म्हणायच्या.

त्या पुटपुटत वाचायच्या, म्हणून गोष्ट माझ्या कानावर पडली. एक म्हातारा नावाडी असतो. त्याची शेळी नावेत बसून एका बड्या असामीची टोपी खाते, तिथे फार मजा आहे. पुढे एका संध्याकाळी दाट धुकं पडतं आणि पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाक मारतं. नावाडी झोपडीत दिवा लावून ठेवतो आणि नाव सोडतो. तो परत येत नाही. संपलं पुस्तक.

पण खरी गोष्ट मला कळली ती मावशींच्या बसण्यातून. सगळा जन्म पायमशीन चालवण्यात गेलेला, त्यामुळे आनंद झाला की त्यांचे दोन्ही पाय आपोआप चालू लागायचे. टकटक टकटक. शेळीने टोपीला तोंड लावायच्या आधीच त्यांची टकटक सुरू व्हायची, कारण पुढचं त्यांना माहीत असायचं. धुक्याच्या पानावर मात्र त्या पाय वर घेऊन माझ्या दांडीवर ठेवायच्या आणि इतक्या हलक्या व्हायच्या, की उठून गेल्या की काय असं मला वाटायचं. शेवटचं पान उलटून त्या म्हणायच्या, "नाही आला मेला. बघू, पुढच्या वेळी तरी येतो का."

अंगावर जो दोरा चिकटलेला असेल तो त्या खुणेला पानात ठेवायच्या. कधी लाल, कधी पोपटी.

मग एकदा मावशी आल्याच नाहीत. दुकानाचं दार उघडेना. काका खिडकीतून कुणाला तरी सांगत होते, "गेल्या हो शिवणवाल्या मावशी." मित्रांनो, मला खूप वाईट वाटलं. लाकडाला रडता येत नाही, फार तर तडकता येतं. मी तडकलं. ती चीर अजून आहे.

त्यानंतर माझ्यावर नुसती धूळ बसत होती. आणि एका दुपारी, खोलीत चिटपाखरू नसताना, माझ्यावर एक पाय पडला. मग दुसरा. वर फळीवर पुस्तक सरकल्याचा आवाज झाला. मग कुणीतरी माझ्यावर बसलं.

भीती वाटली का म्हणता? अहो, चारही पाय लटपटले माझे! दिसत कुणीच नव्हतं. पुस्तक वरच होतं, फक्त चार बोटं बाहेर आलेलं. आणि मग सुरू झालं, टकटक टकटक. माझ्या जिवात जीव आला. शेळीचं पान आलं होतं.

तेव्हापासून मावशी दुपारच्या येऊ लागल्या. काकांनी मात्र मागची खोली झाडणं सोडलं.

"बाई, मी नाही जायचो तिकडे," त्यांनी नव्या ग्रंथपाल बाईंना सांगितलं. "टकटक होते."

"उंदीर असेल."

"उंदीर काय मशीन चालवतो? आणि ते एक पुस्तक आत ढकललं तरी बाहेर येतं."

"काका, तुम्ही दुपारी झोप काढत जा थोडी," बाई म्हणाल्या.

बाई स्वभावाने वाईट नव्हत्या, पण घाईच्या होत्या. नवी पुस्तकं यायची होती आणि जागा नव्हती. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर ज्याला तारखेचा एकही शिक्का नाही, म्हणजे जे कुणी घरी नेलेलंच नाही, ते पुस्तक रद्दीत, असं ठरलं. ऐकलं आणि माझं धाबं दणाणलं. मावशींच्या पुस्तकावर शिक्का कुठून असणार? आणि पुस्तकच गेलं तर मावशींनी यायचं कशासाठी?

पोती घेऊन बाई मागच्या खोलीत आल्या. काका दारातच थबकले. बाई माझ्यावर चढल्या, चार बोटं बाहेर आलेलं ते पुस्तक त्यांनी ओढलं आणि मागचं पान पाहिलं. "एकदाही नेलेलं नाही कुणी. घ्या, टाका."

स्टुलाला काय करता येतं, सांगा बरं! जन्मभर ज्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या तेच मी केलं. होतं नव्हतं ते बळ लावून डुगडुगलं.

"अगं आई गं!" म्हणत बाई खाली उतरल्या आणि धपकन माझ्यावर बसल्या. पुस्तक मांडीवर उघडं पडलं आणि त्यातून दोरेच दोरे निघाले.

"हे काय?"

"मावशींचे आहेत," काका दारातूनच म्हणाले. "एकेका खेपेचा एकेक."

"तेच पुस्तक? इतक्यांदा? कशाला पण?"

"मी विचारलं होतं. म्हणाल्या, पहिल्या खेपेला आपलं नुसतं पुढे काय, पुढे काय. माणसं नीट भेटतात ती नंतर."

बाईंनी घड्याळात पाहिलं. "दोन पानं बघते," त्या म्हणाल्या. दोनाची दहा झाली, दहाची किती झाली कोण जाणे. काका कंटाळून चहाला गेले. नाव निघाली, शेळी नावेत चढली, बडी असामी येऊन बसली, आणि माझ्या पायांशी सुरू झालं, टकटक टकटक.

बाईंनी दचकून आपल्या पायांकडे पाहिलं. ते हलत नव्हते. त्यांनी घाबरत घाबरत पान उलटलं आणि पुढच्याच ओळीला खो खो हसल्या. एक हसून झालेली, एक आत्ता हसणारी, आणि दोघींचा भार माझ्या लंगड्या पायावर. इतकं सुख मला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

धुकं आलं तेव्हा बाईंनी पाय वर घेऊन दांडीवर ठेवले. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना.

काका परत आले तेव्हा बाई शेवटच्या पानाकडे बघत होत्या. "टाकू पोत्यात?" काकांनी विचारलं.

"नको. परत वाचायचंय."

"आत्ताच तर वाचलंत!"

"हो, पण पुढच्या वेळी तरी तो..." बाई मध्येच थांबल्या आणि ओशाळल्या. त्यांनी आपल्या रुमालाचा सुटलेला पांढरा दोरा तोडला, पानात ठेवला आणि पुस्तक होतं त्या जागी लावलं.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादं वाचून झालेलं, आवडलेलं पुस्तक असेल. ते पुन्हा उघडा. शेवट माहीत आहे म्हणून कंटाळू नका, तिथे कुणीतरी तुमची वाट बघत असेल. आणि आमच्या वाचनालयात आलात तर माझ्यावर खुशाल चढा, हव्या तेवढ्या शिव्या घाला. फक्त दुपारी बसणार असाल, तर थोडं सरकून बसा.