गाळलेला धडा

सासूबाईंनी कवळी लावली की त्यांचं इंग्रजी खणखणीत, काढली की नुसती हवा. ती कवळी मीच केलेली. दातांच्या लॅबमध्ये दिवसभर मी लोकांचे जबडे प्लास्टरमध्ये ओतते, मेणावर दात बसवते. त्यात माझा हात धरणारं कोणी नाही. इंग्रजीत मात्र ठणठणगोपाळ.

नवरा परदेशात अशाच एका लॅबमध्ये आहे. त्याच्याकडे जायचं तर इंग्रजीची परीक्षा पास व्हायला हवी, आणि मी दोनदा आपटले. दोन्ही वेळा उताऱ्यात. त्याची आठवण किती येते ते मला मराठीतही सांगता येत नाही. सकाळी चहा अजून तिघांचा टाकते आणि तिसरा कप ओतून देते.

शिकवायला मास्तरीण घरातच. सासूबाईंनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यांच्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची. रोज संध्याकाळी भाजी चिरून झाली की जेवणाच्या टेबलावर आमची शाळा भरायची.

परवा लॅबमधली मैत्रीण म्हणाली, "ती उलटी वाक्यं केलीस ना? उताऱ्यात हमखास असतात."

"कसली उलटी?"

"अगं, क्रियापद आधी आणि करणारा मागून. आमच्या क्लासात पहिल्यांदा तेच घेतलं."

मला परीक्षेतलं वाक्य आठवलं. 'नॉट अनटिल ही कॉल्ड डिड शी स्लीप.' त्याने फोन केला नाही आणि ती झोपून गेली, असं मी बिनधास्त ठोकून आले होते.

घरी येऊन पुस्तक काढलं. धडा होता. दोन्ही खेपांना सासूबाई म्हणाल्या होत्या, हे राहू दे, परीक्षेत येत नाही.

"आई, हा धडा तुम्ही गाळलात."

"हो."

"विसरलात?"

"मी? धडा?" त्यांनी चष्मा काढला. "हा तुला आला असता तर तू पास झाली असतीस. तो गेला तेव्हा निदान तू होतीस. तू गेलीस की मी भांडू कोणाशी?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझं वर्ष गेलं, आई! तो तिकडे एकटा, मी इकडे..." रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "बस. पेन घे."

मग शिकवलं. 'नेव्हर', 'सेल्डम', 'नॉट अनटिल' असलं काही जोर द्यायला वाक्याच्या तोंडाशी आणलं, की 'डिड', 'हॅव' अशी मदतीची क्रियापदं उडी मारून कर्त्याच्या पुढे बसतात. "घाबरायचं नाही. कर्ता शोधायचा, वाक्य सरळ करायचं, मग अर्थ लावायचा." वरचा जबडा माझ्या टेबलावर कायम उलटाच पडलेला असतो, त्याला मी कधी घाबरले नाही. मग हे काय मोठंसं?

"नॉट अनटिल ही कॉल्ड डिड शी स्लीप?"

"त्याचा फोन आल्यावरच तिला झोप लागली."

नवऱ्याचा फोन येईपर्यंत मीही रात्री जागीच असते, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे.

"नेव्हर हॅड शी लिव्ह्ड अलोन?"

"ती याआधी कधीच एकटी राहिली नव्हती."

"बरोबर." त्यांनी पुस्तक मिटलं. "आता शिकवायचं काही उरलं नाही. या खेपेला पास होतेस तू."

मी उड्या मारायला हव्या होत्या. लगेच त्याला फोन लावायला हवा होता. त्याच्यासाठी जीव नुसता तुटत होता. आणि समोर बसलेली ही बाईही मला हवी होती.

"आई, नीट कळलं नाही," मी म्हटलं. "पुन्हा सांगा ना."

खोटं बोलणारी पोरं पकडण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी माझ्याकडे एकदा रोखून बघितलं, चष्मा लावला, आणि पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली.