ओसनिएलची पाटी

मी एक जुना धावफलक आहे, मित्रांनो. क्यूबातल्या सान्ता ओलाया गावच्या बेसबॉल मैदानाच्या टोकाला, साखर कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून उभा आहे. कारखाना कधीच बंद पडला. मी टिकलो यात माझं कर्तृत्व काही नाही. मला पाडायला कुणाला सवड नाही, एवढंच.

माझ्या अंगावर नऊ खिळे आहेत आणि त्यांवर नऊ खेळाडूंच्या नावांच्या पाट्या. तेलाचे डबे कापून मैदानाची देखभाल करणाऱ्या आतिलानोने त्या केल्या, नावंही तोच रंगवतो. एके काळी आमचा ऊसतोडे संघ सलग तीन वर्षं अजिंक्य होता. त्या तीन वर्षांत एकही पाटी बदलली नाही. सामना संपला तरी लोक माझ्याकडे बघत बसायचे. मला मिजास चढली होती, कबूल करतो.

मग एकेक जण राहू लागला. आमच्या गावात 'राहिला' म्हणजे संघाबरोबर परदेशी गेला आणि परतलाच नाही. त्याचं नाव पुन्हा कर्ण्यावरून घेत नाहीत. आतिलानो त्याची पाटी पॉलिश पेपरने घासून कोरी करतो. पिचर राहिला, कॅचर राहिला. प्रशिक्षक इफ्राईनने कुणाला घराचं आश्वासन दिलं, कुणाच्या हातापाया पडला. चांगल्यांपैकी उरला एकटा ओसनिएल.

मेक्सिकोच्या दौऱ्याआधी तो माझ्यापाशी आला. आतिलानो पाट्या पुसत होता.

"काका, माझी पाटी उतरवू नका हां."

"सगळे हेच सांगून गेले, लेका."

"आईला बरं नाही. उद्या कदाचित विमानातच बसणार नाही मी. मग?"

"मग तुझं नाव लाल रंगात काढीन. जा आता, तोंड वाजवू नकोस."

त्यानंतर तीन दिवस गावात वीज नव्हती, रेडिओ मुका होता. चौथ्या दुपारी शेंगदाणे विकणारी मिग्दालिया मैदान ओलांडून धावत आली.

"आतिलानो, ओसनिएल राहिला!"

या शब्दापायी ज्याने आयुष्यभर पाट्या घासल्या, त्यालाच तो त्या दिवशी कळला नाही.

"राहिला ना? वाटलंच होतं मला! आईला टाकून जाणारा पोरगा नव्हे तो!"

त्याने लाल रंगाचा डबा उघडला. मिग्दालिया पायरीवर बसून राहिली. त्याने शेवटचं अक्षर काढून ब्रश खाली ठेवला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "अरे, तिकडे राहिला रे. मेक्सिकोत."

आतिलानो रंग वाळेपर्यंत थांबला. मग पाटी उलटी करून मागच्या बाजूला नव्या पोराचं नाव लिहिलं आणि टांगली.

"घासली का नाहीस?" इफ्राईन ओरडला.

"पॉलिश पेपर संपलाय," आतिलानो म्हणाला. डबाभर शिल्लक होता, मी पाहिलाय.

आता मैदानात कुणी फारसं येत नाही. ओसनिएलची आई मात्र येते. खेळ ती बघत नाही. माझ्याकडे तोंड करून वाऱ्याची वाट बघते. जोराची झुळूक आली की पाटी क्षणभर उलटते, लाल अक्षरं दिसतात, आणि पुन्हा माझ्या फळीवर आपटतात. मला लागतं, पण चालतं.

मित्रांनो, आतिलानो आता थकला आहे. उद्या माझी डागडुजी तुमच्या हाती आली तर मला खुशाल नवा रंग द्या, किडलेल्या फळ्या बदला. फक्त ती एक पाटी मागून घासू नका, आणि तिला दुसरा खिळा मारू नका.